फसव्या "टेक सपोर्ट"वाल्यांचे फोन थांबतच नाहीत? नंबर ब्लॉक करण्याआधी हे तपासा

तक्रार साधारण अशी असते. घरी फोन येतो, "मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरलाय." कधी नाव ब्रॉडबँड कंपनीचं असतं, कधी अँटीव्हायरसचं, कधी बँकेचं. नंबर ब्लॉक केला की दुसऱ्या दिवशी दुसऱ्या नंबरवरून तीच कॅसेट सुरू. काही जणांना तर नावानिशी हाक मारतात आणि लॅपटॉप कोणत्या कंपनीचा आहे तेही सांगतात. शेवटी घरातलं कोणीतरी म्हणतं, "नंबरच बदलून टाकू या."

लॅपटॉप दुरुस्तीच्या कामात मी हे वरचेवर ऐकतो, आणि प्रत्येक वेळी एकच सांगतो: फोन हे लक्षण आहे, दुखणं दुसरीकडे आहे. एखादाच फोन आला आणि पुन्हा आला नाही, तर यादीवरून सरसकट लावलेल्या फोनांपैकी तो एक होता. ठेवून द्यायचा, विषय संपला. पण फोन पुन्हा पुन्हा येत असतील, समोरच्याला तुमची माहिती असेल, किंवा दर वेळी स्क्रीनवर काहीतरी झाल्यावरच फोनाचा विषय निघत असेल, तर कुठलं तरी दार उघडं राहिलेलं आहे. ब्राउझरला दिलेली एखादी परवानगी, कॉम्प्युटरवर राहून गेलेलं, दुरून तो चालवू देणारं रिमोट अ‍ॅप, मोबाइलमधली एपीके फाईल (प्ले स्टोअरच्या बाहेरून आलेलं अ‍ॅप), किंवा पूर्वी एकदा पैसे गेल्यामुळे यादीत आलेलं तुमचं नाव. नंबर ब्लॉक करून यातलं काहीही बंद होत नाही.

आत्ता कोणी स्क्रीनवर असेल, तर बाकीचं नंतर वाचा

माऊस आपोआप हलतोय, किंवा समोरचा माणूस सांगेल तसं घरातलं कोणी मोबाइलवर करतंय, असं दिसलं तर आधी इंटरनेट तोडा. घरातल्या राऊटरचा प्लग काढा. मोबाइलवर असेल तर एअरप्लेन मोड चालू करा आणि वाय-फाय बंद झालंय ना तेही बघा. एअरप्लेन मोडमध्येही काही फोनचं वाय-फाय चालूच राहतं. समोरच्याशी वाद घालू नका, निरोपही घेऊ नका. इंटरनेट तुटलं की त्याचा हात तुटतो.

पैसे गेले असतील तर घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवरून १९३० लावा. ही राष्ट्रीय सायबर फसवणूक हेल्पलाइन आहे. तिच्यामागची यंत्रणा एप्रिल २०२१ मध्ये सुरू झाली. तेव्हाचा क्रमांक १५५२६० होता, तो कुठे लिहून ठेवला असेल तर खोडा. १९३० वर तुमची तक्रार नोंदली की पैसे ज्या बँकेत किंवा वॉलेटमध्ये गेले तिकडे ती पाठवली जाते, आणि तिथल्या खात्यात जेवढी रक्कम शिल्लक असेल ती रोखून धरली जाते. पैसे तिथून पुढच्या खात्यात गेले असतील तर तक्रार पुढच्या बँकेकडे जाते. फसवणारे पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात भराभर फिरवतात. म्हणून इथे उद्या सकाळी बघू असं म्हणून चालत नाही.

फोन लावताना चार गोष्टी हाताशी हव्यात: कोणत्या खात्यातून पैसे गेले, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक. यूपीआयमध्ये तो बारा अंकी असतो आणि बँकेच्या मेसेजमध्येही बहुधा दिलेला असतो. नंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर, म्हणजे सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन वर, सविस्तर तक्रार पूर्ण करा आणि मिळालेला पोच क्रमांक जपून ठेवा. त्याच वेळी घरातल्या दुसऱ्या माणसाने बँकेला फोन करून कार्ड, नेट बँकिंग आणि यूपीआय तिन्ही बंद करायला सांगावं. बँकेचा नंबर कार्डाच्या मागून किंवा पासबुकावरून घ्या, सर्चमधून नको.

बँकेला लगेच कळवण्यामागे नियमाचंही कारण आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक ग्राहकाचीही नाही आणि बँकेचीही नाही अशा फसव्या व्यवहारात बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवलं तर ती ठरावीक मर्यादेपर्यंत. ओटीपी किंवा पिन स्वतः सांगितला असेल तर कळवण्याआधीचं नुकसान ग्राहकावर येतं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे ओटीपी दिलेला असला तरी कळवण्याला अर्थ आहे. "आपणच सांगितला, आता काय उपयोग" असा विचार करून गप्प बसलेल्यांच्या खात्यातून दुसऱ्यांदा पैसे जातात.

आणि ज्यांची फसवणूक झाली त्यांना त्या क्षणी रागावू नका. हे मी मनापासून सांगतो. सत्तरीतल्या माणसाला आपण मूर्ख ठरलो असं वाटलं की तो पुढच्या वेळी घरात सांगतच नाही. ज्या घरात आजोबा लगेच हाक मारतात, "अगं, मी काहीतरी भलतंच केलं बहुतेक," त्या घरात पैसे थांबवायला वेळ हातात असतो.

फोन आला कुठून, ते आधी ठरवा

संपर्क आधी कोणी केला, हा पहिला प्रश्न. याच्या उत्तरावर पुढची तपासणी अवलंबून आहे.

स्क्रीनवर लाल-निळी खिडकी आली, सायरन वाजू लागला, "कॉम्प्युटर बंद करू नका, या नंबरवर फोन करा" असं लिहून आलं आणि मग तुम्हीच फोन केला, असं असेल तर दुखणं ब्राउझरमध्ये आहे. ते एक साधं वेबपेज असतं, फक्त पूर्ण स्क्रीन व्यापलेलं. व्हायरस सापडल्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. वेबपेज तुमच्या डिस्कवरच्या फाइली तपासू शकत नाही. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात किंवा एररमध्ये फोन नंबर कधीच नसतो, हे त्या कंपनीनेच जाहीर सांगितलेलं आहे. तेव्हा स्क्रीनवर इशारा आणि नंबर एकत्र दिसले की निदान झालं.

ते पान घालवायचं असं: एस्केपची कळ काही सेकंद दाबून धरा, पूर्ण स्क्रीन सुटते. नाही सुटली तर आल्ट आणि एफ४. तेही नाही तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि ब्राउझर बंद करा. मॅकवर कमांड, ऑप्शन, एस्केप. ब्राउझर पुन्हा उघडल्यावर "आधीची पानं परत उघडू का" असं विचारेल, त्याला नाही म्हणा. नाहीतर तेच पान परत येतं आणि माणूस घाबरून नंबर लावतो.

दुसरा प्रकार, तुम्ही स्वतः नंबर शोधला. प्रिंटर चालत नव्हता, रिचार्ज अडकला होता, विमानाचं तिकीट रद्द करायचं होतं, म्हणून सर्चमध्ये "कस्टमर केअर नंबर" टाकला आणि वरचा नंबर लावला. या प्रकाराला मी सगळ्यात धोकादायक मानतो. कारण इथे फोन आपण केलेला असतो, त्यामुळे समोरच्यावर संशय येत नाही. सर्चमधलं सगळ्यात वरचं उत्तर पुष्कळदा पैसे भरून लावलेली जाहिरात असते. नकाशातल्या दुकानाच्या किंवा बँक शाखेच्या नोंदीत कोणीही बदल सुचवू शकतं, त्या वाटेनेही खोटे नंबर घुसवलेले आहेत. २०२५ मध्ये तर एक वेगळाच प्रकार समोर आला: जाहिरातीवर टिचकी मारल्यावर कंपनीची खरीच वेबसाइट उघडते, पत्ताही बरोबर असतो, पण त्या साइटच्या शोधपट्टीत फसवणाऱ्याने स्वतःचा नंबर आधीच भरून ठेवलेला असतो. पान खरं, नंबर खोटा. म्हणून नंबर घ्यायचा तो वस्तूच्या खोक्यावरून, बिलावरून, कंपनीच्या अ‍ॅपमधून किंवा कार्डाच्या मागून. बँकांच्या बाबतीत आता एक सोय झाली आहे. रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सगळ्या बँकांना आपल्या वेबसाइट "डॉट बँक डॉट इन" या पत्त्यावर न्यायला सांगितलं होतं. पत्त्याचा शेवट तसा आहे का ते बघत चला.

तिसरा, ईमेलवर बिल. "तुमचं अँटीव्हायरस नूतनीकरण झालं, इतके डॉलर किंवा इतके रुपये वजा होतील, रद्द करायचं असेल तर फोन करा." मेलमध्ये लिंक नसते, फक्त नंबर असतो, त्यामुळे मेलची चाळणी त्याला सहज अडवत नाही. खरंच पैसे गेले का, ते बँकेच्या अ‍ॅपमध्ये बघा. गेलेले नसतील तर मेल उडवा.

आणि चौथा, काहीच केलं नाही, फोन आपला आला. माहिती सांगितली तरी दबकू नका. नाव, नंबर, पत्ता, लॅपटॉपची कंपनी ही माहिती कुठल्या कुठल्या अर्जांतून, कुरिअरच्या चिठ्ठ्यांतून, फुटलेल्या डेटाबेसमधून फिरत असते. ती माहीत असणं म्हणजे फोन खरा असणं नव्हे. पण तुम्ही गेल्या आठवड्यात कोणाशी काय बोललात हे समोरचा सांगत असेल, तर मात्र खालची मोबाइलची तपासणी आजच करा.

ते स्क्रीनवर काय दाखवतात, आणि ते खरं काय असतं

हा भाग घरातल्या माणसांना प्रत्यक्ष करून दाखवा. कारण भीती इथेच बसते. "मी माझ्या डोळ्यांनी एरर पाहिले" हे वाक्य प्रत्येकाच्या तोंडी असतं, आणि ते खरंही असतं. एरर असतात, फक्त त्यांचा अर्थ तो नसतो.

सगळ्यात जास्त वापरतात ते विंडोजमधलं इव्हेंट व्ह्यूअर. त्यात लाल फुल्या आणि पिवळ्या त्रिकोणांची लांबलचक यादी दिसते. समोरचा म्हणतो, "मोजा बरं किती आहेत." ही विंडोजची रोजनिशी आहे. एखादी सेवा दोन सेकंद उशिरा सुरू झाली, प्रिंटर सापडला नाही, नेट क्षणभर गेलं, याची प्रत्येक वेळी तिथे नोंद होते. आजच दुकानातून आणलेल्या, ठणठणीत लॅपटॉपवरही ती यादी भरलेली असते. स्टार्टच्या बटणावर उजवी टिचकी मारा, तिथे इव्हेंट व्ह्यूअर मिळेल. शांतपणी एकदा आई-बाबांना ते दाखवून ठेवा, म्हणजे फोनवर कोणी दाखवलं तर नवल वाटणार नाही.

दुसरी युक्ती "लायसन्स क्रमांका"ची. काळ्या खिडकीत एक आज्ञा द्यायला लावतात, शेवटी ८८८डीसीए६० ने सुरू होणारा एक लांब क्रमांक येतो. फोनवरचा माणूस तोच क्रमांक आधी वाचून दाखवतो आणि म्हणतो, बघा, तुमच्या कॉम्प्युटरचा खास क्रमांक आमच्याकडे आहे. तो क्रमांक जगातल्या विंडोज कॉम्प्युटरांवर सारखाच असतो. झिप फाईल पाठवण्याच्या एका सोयीचा तो अंतर्गत ओळख क्रमांक आहे, एवढंच.

मग नेटस्टॅट, म्हणजे कॉम्प्युटर कुठे कुठे जोडलेला आहे त्याची यादी दाखवणारी आज्ञा. यात "फॉरेन अ‍ॅड्रेस" असा रकाना येतो आणि "परदेशातले हॅकर जोडले गेलेत" असं सांगतात. फॉरेन म्हणजे इथे फक्त समोरचा कॉम्प्युटर. तुम्ही मेल उघडलात तरी तिथे ओळ येते. "ट्री" नावाची आज्ञा देऊन फोल्डरांची नावं भराभर खाली सरकवत नेतात आणि त्याला स्कॅनिंग म्हणतात. ती चालू असतानाच कीबोर्डवरून "व्हायरस सापडला" असं काहीतरी टाइप करून ठेवतात, यादी संपली की ती अक्षरं तळाशी उमटतात. आपल्याला वाटतं ते कॉम्प्युटरने लिहिलं.

पैसे परत देण्याच्या नावाखाली जे करतात ते याहून वाईट. तुम्हाला नेट बँकिंग उघडायला लावतात, स्क्रीन क्षणभर काळी करतात, आणि ब्राउझरमधल्या पानावरचा आकडा बदलतात. ब्राउझरमध्ये उघडलेल्या कोणत्याही पानावरचा मजकूर आपल्या स्क्रीनपुरता बदलता येतो, त्याला कुठलंही हॅकिंग लागत नाही. दोन हजारांच्या जागी वीस हजार जमा झालेले दिसतात. मग समोरचा रडकुंडीला येतो, "काका, माझी नोकरी जाईल, जास्तीचे परत पाठवा." बँकेतला खरा आकडा तसूभरही हललेला नसतो. जमा रक्कम तपासायची ती नेहमी दुसऱ्या मोबाइलवरून किंवा शाखेत फोन करून. आणि यूपीआयमध्ये पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन मागितला की पैसे जाणार आहेत.

साफसफाई: कॉम्प्युटर

पोलिसांत तक्रार करणार असाल तर आधी काही पुसू नका. स्क्रीनचे फोटो काढा, कॉल लॉग आणि चॅट ठेवा. एनीडेस्कसारखं रिमोट अ‍ॅप आत आलेल्या जोडण्यांची नोंद ठेवतं, समोरच्याचा क्रमांक आणि वेळ त्यात असते. ती कामाची आहे.

मग सेटिंग्जमध्ये इन्स्टॉल केलेल्या अ‍ॅप्सची यादी तारखेनुसार लावा आणि त्या दिवसापासून आलेलं सगळं बघा. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, अल्ट्राव्ह्यूअर ही नावं ओळखीची असतील. स्क्रीनकनेक्ट मात्र नावापुढे एक लांब अक्षर-अंकांची शेपटी घेऊन बसतं, ते सुटून जातं. ही अ‍ॅप्स मुळात प्रामाणिक कामाची आहेत, मीही वापरतो. पण त्यात पासवर्ड ठरवून ठेवला की समोर कोणी नसतानाही आत येता येतं. पुन्हा पुन्हा त्रास होणाऱ्या कॉम्प्युटरवर मला हेच दार वरचेवर उघडं सापडतं. माणूस म्हणतो, "मी तर परवानगी दिलीच नाही." पहिल्याच दिवशी त्यांनी तो पासवर्ड बसवून घेतलेला असतो. काढून टाका, आणि कॉम्प्युटर सुरू झाल्यावर आपोआप चालणाऱ्या गोष्टींच्या यादीतही बघा. डाउनलोड फोल्डरही रिकामं करा. एनीडेस्क इन्स्टॉल न करताही, नुसती फाईल उघडून चालतं, त्यामुळे अ‍ॅपच्या यादीत ते दिसेलच असं नाही.

विंडोजच्या वापरकर्त्यांच्या यादीत नवं खातं आलंय का बघा. जुन्या विंडोज ७ वगैरे मशीनवर हे लोक सिसकी नावाच्या सोयीने पूर्ण कॉम्प्युटरला पासवर्ड लावून खंडणी मागायचे. विंडोज १० च्या २०१७ मधल्या एका आवृत्तीपासून ती सोय काढली गेली. अजून विंडोज ७ चालवत असाल तर हे एक कारण ते बदलण्याचं.

ब्राउझरमध्ये साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन. "तुम्ही रोबोट नाही हे सांगायला अलाऊ दाबा" असं म्हणणाऱ्या पानांना दिलेल्या परवानग्या तिथे सापडतील. कोपऱ्यात रोज येणाऱ्या "व्हायरस सापडला"च्या चौकटी इथून निघतात, आणि अँटीव्हायरस कितीही वेळा चालवला तरी जात नाहीत, कारण तो व्हायरस नसतोच. अनोळखी प्रत्येक पत्ता काढा. अनोळखी एक्स्टेन्शनही (ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्राम) काढा. मायक्रोसॉफ्ट एजमध्ये अशी घाबरवणारी पानं अडवणारी स्केअरवेअर ब्लॉकर नावाची सोय आली आहे, ती चालू आहे का ते पाहा.

समोरचा माणूस बराच वेळ आत होता आणि त्याने काय काय चालवलं ते कोणालाच माहीत नाही, अशा वेळी माझं मत सरळ आहे: फोटो आणि कागदपत्रं बाहेर काढून विंडोज नव्याने टाका. शोधत बसण्यात दिवस जातो आणि खात्री तरीही होत नाही. पासवर्ड मात्र त्या मशीनवरून बदलू नका, दुसऱ्या मोबाइलवरून बदला. सगळ्यात आधी ईमेलचा, कारण बाकी सगळ्यांच्या किल्ल्या तिथे येतात. ईमेलमध्ये रिकव्हरी नंबर तुमचाच आहे ना, आणि मेल दुसरीकडे पुढे पाठवण्याचा नियम कोणी टाकला नाही ना, हेही बघा.

साफसफाई: मोबाइल

भारतात आता बराचसा खेळ मोबाइलवर होतो. एनीडेस्क वापरून यूपीआयमधून पैसे काढले जातायत, असा इशारा रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच दिला होता. आता व्हॉट्सअ‍ॅपवरून एपीके फाईल येते, वाहतूक दंडाच्या चलनाच्या नावाने, सरकारी योजनेच्या नावाने किंवा "सपोर्ट अ‍ॅप" म्हणून. ती टाकली की मेसेज वाचायची परवानगी मागते, आणि मग ओटीपी तुम्ही न सांगताच जातात.

सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी, म्हणजे दिव्यांगांसाठीच्या सोयींचा भाग, उघडा. तिथे परवानगी घेतलेलं अनोळखी अ‍ॅप ही पहिली शंकेची जागा. मग डिव्हाइस अ‍ॅडमिन अ‍ॅप्स. एखादं अ‍ॅप काढू देत नसेल तर ते बहुधा इथे जाऊन बसलेलं असतं. इथली परवानगी काढली की ते निघतं, तरीही न निघाल्यास फोन सेफ मोडमध्ये (यात बाहेरून टाकलेली अ‍ॅप्स चालत नाहीत) सुरू करून काढा. "अनोळखी ठिकाणाहून अ‍ॅप टाकू द्या" ही परवानगी व्हॉट्सअ‍ॅपला आणि ब्राउझरला दिलेली असेल तर बंद करा. प्ले प्रोटेक्ट, म्हणजे अ‍ॅप्स तपासणारी गूगलची सोय, चालू ठेवा. समोरच्याच्या सांगण्यावरून ते बंद केलेलं असू शकतं.

व्हॉट्सअ‍ॅपमध्ये लिंक्ड डिव्हाइसेस बघा, अनोळखी ब्राउझर तिथून बाहेर काढा. आणि कॉल फॉरवर्डिंग. "नेट सुधारण्यासाठी हा कोड डायल करा" असं सांगून तुमचे कॉल स्वतःकडे वळवून घ्यायची युक्ती फार चालली होती, म्हणून दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून कोड डायल करून कॉल वळवण्याची सोय बंद करायला लावली. तरी जुनं वळवलेलं काही राहिलं नाही ना, ते फोनच्या कॉल सेटिंगमध्ये बघून घ्या.

हे लोक कोण आहेत, याचा इथे संबंध आहे

ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले. तिथून अमेरिकेच्या करखात्याचे अधिकारी असल्याचं भासवून अमेरिकेतल्या लोकांना लुबाडलं जात होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने ऑपरेशन चक्र-२ मध्ये ७६ ठिकाणी झडत्या घेतल्या. त्यातले दोन गुन्हे मायक्रोसॉफ्ट आणि अ‍ॅमेझॉन यांच्या तक्रारीवरून नोंदले होते, खोट्या टेक सपोर्टचेच. ऑगस्ट २०२५ मध्ये सीबीआयने आपल्या इगतपुरीत, भाड्याने घेतलेल्या रिसॉर्टमधून चालणारं कॉल सेंटर पकडलं. तिथे अ‍ॅमेझॉनचा सपोर्ट म्हणून अमेरिका-कॅनडातल्या लोकांना फोन जात होते.

यातून दोन गोष्टी घ्यायच्या. फोनवरचा माणूस समोर लिहून ठेवलेला मजकूर वाचत असतो, तुमच्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्यात असतं. त्याला खोटं पाडायला जाऊ नका, मजा म्हणून खेळवतही बसू नका. त्यातून त्याला एवढंच कळतं की हा नंबर उचलला जातो आणि माणूस बोलतो. दुसरी गोष्ट, तो मराठीत बोलला, गावाचं नाव घेतलं, "आई" म्हणून हाक मारली, तरी विश्वास वाढवू नका.

एकदा फसल्यावर येणारे फोन

पैसे गेल्यानंतर काही आठवड्यांनी नवा फोन येतो: "तुमची रक्कम सापडली आहे, परत मिळवायला प्रक्रिया शुल्क भरा." सायबर पोलीस, बँक, वकील, काहीही नाव असतं. ज्यांनी एकदा दिले ते पुन्हा देतील या हिशेबाने त्यांची यादी विकली जाते, म्हणून एकाच घरात त्रास परत परत होतो. पोलीस किंवा बँक पैसे परत देण्यासाठी आगाऊ शुल्क मागत नाहीत. "तुमच्या नावावर गुन्हा आहे, व्हिडिओ कॉल बंद करू नका" हा प्रकारही याच यादीवरून चालतो. आपल्या कायद्यात फोनवरून अटक होत नाही.

असे नंबर दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवरच्या चक्षू विभागात कळवा, पैसे गेलेले नसले तरी. पैसे गेले असतील तर मात्र १९३० आणि सायबर पोर्टल, चक्षू नव्हे. बँकेने तक्रारीचं उत्तर तीस दिवसांत दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. ती फुकट आहे, त्यासाठी एजंट लागत नाही.

आई-बाबा एकटे राहत असतील तर

मुलं पुण्याला, बंगळुरूला किंवा न्यू जर्सीला, आणि आई-बाबा गावी, अशी घरं आता पुष्कळ. अशा घरात मुलगा किंवा मुलगी स्वतःच दुरून कॉम्प्युटर दुरुस्त करते, त्यामुळे "रिमोटवर घेतो" हे शब्द आई-बाबांच्या कानाला सवयीचे झालेले असतात. तेव्हा एक नियम ठरवा: आपल्यापैकी कोणी व्हिडिओ कॉलवर दिसल्याशिवाय रिमोट अ‍ॅपमधला जोडणीचा आकडा कोणालाच सांगायचा नाही. काम झालं की अ‍ॅप काढून टाकायचं.

त्यांच्या कॉम्प्युटरवर रोजचं खातं साधं ठेवा, अ‍ॅडमिनचं नको. याने सगळं थांबत नाही, पण अनेक गोष्टी टाकताना पासवर्ड मागितला जातो आणि ते तुम्हाला फोन करतात. जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन टाका, कारण लाल खिडक्या मुख्यतः जाहिरातींच्या वाटेने येतात. यूपीआय वेगळ्या खात्याला जोडा ज्यात महिन्याच्या खर्चापुरतेच पैसे असतील. मुदत ठेवी आणि पेन्शनचं खातं त्या मोबाइलपासून लांब ठेवा. कार्डावरचे आंतरराष्ट्रीय व्यवहार बँकेच्या अ‍ॅपमधून बंद करा.

आई-बाबा तुमच्याकडे अमेरिकेत आले असतील तर तिथली पद्धत सांगून ठेवा. तिथे पैसे गिफ्ट कार्डातून मागतात, दुकानात जाऊन कार्ड घ्या आणि मागचा क्रमांक खरवडून सांगा म्हणून. कुठलीही कंपनी किंवा सरकारी खातं गिफ्ट कार्डात पैसे घेत नाही. तिथल्या तक्रारी एफबीआयच्या आयसी३ संकेतस्थळावर करायच्या.

एवढं करूनही फोन येतच असतील

मग कॉम्प्युटर आणि मोबाइल स्वच्छ आहेत आणि फक्त नंबर यादीत आहे, असं समजा. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये अनोळखी कॉल गप्प करण्याची सोय चालू करा. बँका आणि वित्तसंस्थांच्या सेवा-कॉलसाठी १६०० ने सुरू होणारी मालिका दिलेली आहे. साध्या दहा अंकी मोबाइल नंबरवरून कोणी बँकेचं नाव सांगितलं तर ठेवून द्या आणि कार्डामागचा नंबर स्वतः लावा.

जुना नंबर बंद करायची घाई करू नका. तो आधारला, बँकेला, गॅसला जोडलेला असतो, आणि बंद केलेला नंबर काही काळाने दुसऱ्या कोणाला मिळतो. त्यापेक्षा एक नवं सिम घ्या आणि ते फक्त बँकेसाठी ठेवा. दुकानात, अर्जावर, कुरिअरला, सोसायटीच्या वहीत कुठेही तो नंबर लिहू नका. शाखेत जाऊन खात्याला तो जोडून घ्या, मग एटीएममधून थोडे पैसे काढून मेसेज नव्या नंबरवर येतो का ते पाहा, आणि जुन्यावर येणं बंद झालंय का तेही.